खुलासा: कान्हेरीच्या लेण्यांत पावसाची नोंद नाही

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'येऊरपलीकडच्या कान्हेरी लेण्यांतल्या स्टॅलॅग्माइटची वलयं मोजून ४,२०० वर्षांपूर्वी ठाण्यात किती मिलिमीटर पाऊस पडला ते कळलं.' हे चूक आहे. कान्हेरी लेणी माणसांनी ज्वालामुखीच्या खडकात कोरलेली आहेत. छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातल्या चुन्याने जमिनीवरून वर वाढणारे हे स्तंभ, म्हणजेच स्टॅलॅग्माइट, मुख्यतः चुनखडीच्या गुहांत होतात.

४,२०० वर्षांचा आकडा मात्र खरा, पण तो मेघालयातल्या मॉम्लूह गुहेचा. तिथल्या स्टॅलॅग्माइटमध्ये मोसमी पाऊस क्षीण झाल्याची खूण सापडली आणि २०१८ मध्ये तेव्हापासून आजपर्यंतच्या भूवैज्ञानिक काळाला 'मेघालयन' हे अधिकृत नाव मिळालं. केवढी अभिमानाची गोष्ट, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही!

स्टॅलॅग्माइटचा थर, म्हणजे वलय, दरवर्षी एकच पडेल असं नसतं, म्हणून वय युरेनियम-थोरियम पद्धतीने (थरातल्या युरेनियमचं किती थोरियम झालं ते मोजून) काढतात. पावसाचा अंदाज थरांतल्या ऑक्सिजन-१८ (जड ऑक्सिजन) आणि ऑक्सिजन-१६ (हलका ऑक्सिजन) यांच्या प्रमाणावरून बांधतात. जोरदार मोसमी पावसात जड ऑक्सिजन सहसा कमी असतो. पण बाष्प कुठून आलं यानेही हे प्रमाण बदलतं. त्यामुळे काळ ओला होता की कोरडा हे कळतं, थेट मिलिमीटर नाहीत.

तो मेसेज ज्या ग्रुपवर पाठवला असेल, तिथे हेही टाका.