प्राणायाम म्हणजे श्वास कोंडणे नव्हे

‘योगशब्दांचे खरे अर्थ’ नावाचा एक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. तो माझ्या मावशीपर्यंत पोहोचला नसता, तर मी त्याची दखलही घेतली नसती. गेल्या रविवारी सकाळी तिच्याकडे गेलो, तेव्हा रोज रक्तदाबाची गोळी घेणारी माझी मावशी समोर मोबाइलचे घड्याळ लावून, नाक चिमटीत धरून बसली होती. चेहरा लालबुंद झाला होता, तरी मिनिट भरल्याशिवाय ती श्वास सोडायला तयार नव्हती.

संदेश सांगतो की प्राणायाम म्हणजे ‘प्राण अधिक यम’, आणि श्वास जितका कोंडाल तितके आयुष्य वाढेल. मुळात ही फोडच चुकीची आहे. प्राण आणि यम यांचा समास ‘प्राणयम’ झाला असता. ‘णा’ला काना येतो तो ‘आयाम’मधल्या ‘आ’मुळे, आणि आयाम म्हणजे लांबी, विस्तार. त्यातही ‘यम्’ म्हणजे आवरणे हा धातू आहे आणि योगसूत्रे लिहिणारे पतंजलीही श्वासप्रश्वासांच्या ‘गतिविच्छेदा’ला, म्हणजे त्यांची गती थांबवण्याला, प्राणायाम म्हणतात, एवढे मान्य करावे लागते, पण लगेच पुढच्या सूत्रात ते त्याला ‘दीर्घसूक्ष्म’, म्हणजे लांब आणि तरल, म्हणतात, आणि नाक दाबून केलेल्या धडपडीत सूक्ष्म असे काहीच नसते.

आयुष्यवाढीच्या दाव्याला आधार म्हणून संदेशाने हठप्रदीपिका या हठयोगावरच्या ग्रंथातले ‘ततो वायुं निरोधयेत्’, म्हणजे ‘म्हणून वायू रोखावा’, हे शब्द दिले आहेत. ते दुसऱ्या उपदेशाच्या, म्हणजे अध्यायाच्या, तिसऱ्या श्लोकात खरोखरच आहेत. मात्र त्याच उपदेशाचा पंधरावा श्लोक सांगतो की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायूही वश करावा, ‘अन्यथा हन्ति साधकम्’, नाहीतर तो साधकालाच मारतो. पुढच्या दोन श्लोकांत चुकीच्या अभ्यासाने होणारे उचकी, दमा, खोकला, डोके, कान आणि डोळे दुखणे असे विकार नावानिशी दिले आहेत. बारा श्लोक पुढे वाचण्याचे कष्ट न घेता हा मजकूर वयस्कर माणसांना पाठवणे मला अक्षम्य वाटते. दम कोंडून जोर लावला की रक्तदाब चढतो, हे तर कोणताही डॉक्टर सांगेल.

‘ह म्हणजे सूर्य, ठ म्हणजे चंद्र, हठ म्हणजे बळ हा अर्थ इंग्रजांनी घुसडला’ हा दुसरा दावा. सूर्यचंद्राचा अर्थ हठप्रदीपिकेवरच्या ब्रह्मानंदांच्या ‘ज्योत्स्ना’ टीकेत आहे, तो कोणी नाकारत नाही. पण पंधराव्या शतकातल्या मूळ ग्रंथाच्या तिसऱ्या उपदेशातच किल्लीने दार ‘हठात्’ उघडावे, म्हणजे बळाने उघडावे, असे आले आहे. तिथे इंग्रज कुठून आले?

‘आसन म्हणजे व्यायाम’ या संदेशातल्या तिसऱ्या दाव्यावर फार लिहायला नको. ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे स्थिर आणि सुखकर ते आसन, एवढे पतंजलींचे एक सूत्र त्याला पुरते.

मावशीला पंधरावा श्लोक मी अर्थासह दोनदा वाचून दाखवला, तेव्हा तिने घड्याळ बंद केले. ज्यांनी तिला तिसरा श्लोक पाठवला, त्यांनी आता त्याच सगळ्या गटांत पंधरावाही पाठवावा.