फेबर त्यापुढे काय म्हणतो

रे ब्रॅडबरींच्या ‘फॅरनहाइट ४५१’ या, पुस्तकांवर बंदी असलेल्या समाजाच्या कादंबरीवर मी लेख लिहिला, त्यावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. एक, मी सगळं खापर सरकारवर फोडलं. कादंबरीत मात्र लोकांनीच आधी वाचणं सोडलेलं असतं. दुसरा, मी पुस्तकांचा देव्हारा मांडलाय. आशय महत्त्वाचा, तो सिनेमातून, रेडिओवरून, कशातूनही पोचतो, आणि हे खुद्द कादंबरीतला म्हातारा प्राध्यापक फेबरच सांगतो.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. पुस्तकं जाळणाऱ्या बंबवाल्यांचा कॅप्टन बीटी त्यांच्यातल्याच माँटागला, म्हणजे कादंबरीच्या नायकाला, स्पष्टच सांगतो की याची सुरुवात सरकारी हुकमाने झाली नाही. लोकांना सगळं झटपट हवं होतं, कुणालाच काही टोचायला नको होतं. बंदी त्यानंतर आली. मी घाईत लिहून गेले.

दुसऱ्यासाठी पुस्तक पुन्हा काढून बसले. फेबर म्हणतो हे खरं, की तुला पुस्तकं नकोत, पुस्तकांत एके काळी जे असायचं ते हवंय. पण तुम्ही तिथेच थांबलात. पुढे तो तीन गोष्टी मोजतो आणि त्यातली पहिली आहे पोत. चांगल्या पुस्तकात आयुष्याच्या चेहऱ्यावरची रंध्रं दिसतात, आणि गुळगुळीत मेणाचे चेहरे हवे असलेल्यांना तीच नकोशी होतात, असं त्याचं म्हणणं. मग येते फुरसत, आणि त्यानंतर वाचून उमगलं तसं वागण्याची मोकळीक. तुमचा ‘आशय’ या यादीत कुठेच नाही.

आशय कसा पोचवतात तेही बीटीच सांगतो. अभिजात पुस्तकं आधी १५ मिनिटांच्या रेडिओ कार्यक्रमात बसवली, मग २ मिनिटांच्या सदरात, शेवटी शब्दकोशातल्या १०-१२ ओळींत. गोष्ट काय आहे ते त्या १०-१२ ओळींतूनही कळतंच. मग गेलं काय?

काय गेलं ते मिसेस फेल्प्सच्या प्रसंगात दिसतं. नवरा कालच लढाईवर गेलाय, ४८ तासांत सगळे परत येतील असं सैन्याने सांगितलंय, आणि ही बाई निर्धास्त आहे. हा तिचा तिसरा नवरा, रडायचं नाही असं दोघांचं ठरलेलं. माँटाग तिच्यासमोर ‘डोव्हर बीच’ ही कविता वाचतो आणि ती हमसून हमसून रडायला लागते. का रडतेय ते तिचं तिलाच कळत नाही. युद्धाची बातमी तिला आधीपासून ठाऊक होती, त्या बातमीने तिच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. मला तरी अख्ख्या कादंबरीत याहून जास्त हलवणारं पान सापडलेलं नाही.

याच पुस्तकाचं पुढे काय झालं, तेही बघा. १९६७ साली प्रकाशकाने शाळांसाठी आवृत्ती काढली आणि लेखकाला न विचारता ७५ ठिकाणी बदल केले. शिव्या गेल्या, दारुड्या माणसाचा आजारी माणूस झाला. कथानकाला धक्काही लागला नव्हता. ब्रॅडबरींना हे कळलं १९७९ मध्ये, एका मित्राकडून. ते संतापले आणि मूळ मजकूर परत छापायला लावला. आशयच सगळं असता तर त्यांनी रागवायचं कारण नव्हतं.

आणि कादंबरीच्या शेवटी भेटणारी, पुस्तकं तोंडपाठ करून रानात राहणारी माणसं तुम्हाला भाबडी वाटतात. स्टालिनच्या काळात लेनिनग्राडमध्ये रशियन कवयित्री अन्ना अख्मातोवाच्या खोलीत हेच घडत होतं. मुलगा तुरुंगात, तुरुंगाबाहेरच्या रांगांत ती १७ महिने उभी राहिली. त्या दिवसांवरच्या ‘रेक्विएम’ या कवितेच्या ओळी ती चिठ्ठीवर लिहून मैत्रीण लिदिया चुकोव्स्कायाच्या हातात द्यायची. भिंतींना कान असतील म्हणून मोठ्याने चहाचं, हवेचं काहीबाही बोलायची. लिदिया वाचून पाठ करायची, चिठ्ठी परत द्यायची, की अख्मातोवा रक्षापात्रावर काडी ओढून ती जाळायची. रशियात ती कविता छापून यायला १९८७ साल उजाडलं. ‘आई रांगेत उभी होती’ एवढंच सांगायचं असतं तर पाठ करायची गरज नव्हती. शब्द न् शब्द तसाच हवा होता, म्हणून दोघींनी जीव धोक्यात घातला.

ब्रॅडबरींची ती माणसंही स्वतःला थोर समजत नाहीत. आम्ही पुस्तकांची नुसती वेष्टनं, असं त्यांचा म्होरक्या ग्रेंजर म्हणतो. शेवटी युद्धात शहर बेचिराख होतं ते त्यांना थांबवता येत नाही, हा तुमचा मुद्दा खरा आहे आणि मी तो लेखात टाळला होता.

मूळ लेखातलं सरकारबद्दलचं वाक्य आज दुरुस्त करतेय, शहराबद्दल एक परिच्छेद घालतेय. फेबरबद्दलचं मात्र तसंच ठेवतेय.