आधी बादली, मग स्प्रे: एका वैतागलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया झोंबली. पण तिच्यात निम्मं खरं आहे, म्हणून दोन ओळींत उरकत नाही. विषय शिडाच्या होडीचा: मेनसेल म्हणजे तिचं मुख्य शीड, ते डोलकाठीच्या खोबणीतून दोराने वर चढतं, आणि विंच म्हणजे तो दोर दांडा फिरवून ओढायचं चक्र. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी ती इथे देते: "ताई, मेनसेल जड का जातं यावरचा तुमचा लेख वाचून अख्खा रविवार घालवला. डोलकाठीची खोबण धुतली, स्प्रेचा अर्धा डबा संपवला. शीड निम्म्यापर्यंत हाताने येतं, पुढे ढिम्म. शेवटी विंचच्या दांड्याला दोघे लोंबकळलो. 'इलेक्ट्रिक विंच घ्या' एवढं एक वाक्य लिहिलं असतंत तर दिवस वाचला असता."

आधी माझी चूक. त्या लेखात मी खोबण घसरडी करायचा स्प्रे पहिल्या नंबरवर ठेवला, कारण तो सगळ्यांत सोपा. सोपं ते पहिलं, असा हिशेब मी केला आणि तिथेच फसले. शीड अडतं ते एक तर दोराच्या वाटेत, नाहीतर शिडाच्या स्वतःच्या वाटेत. कुठे अडतंय हे कळायच्या आत खोबणीत स्प्रे मारणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तुमचा रविवार माझ्यामुळे गेला, हे मान्य.

पण तुमच्या तक्रारीत एक शब्द लाखमोलाचा आहे, आणि तो तुम्ही सहज लिहून गेलात: निम्म्यापर्यंत.

शीड जसजसं वर जातं तसतसं दोराला लटकणारं कापड वाढत जातं. 30 चौरस मीटरचं शीड आणि चौरस मीटरला 300 ग्रॅमचं कापड धरा. नुसतं कापडच 9 किलो, वर बॅटन (शिडातल्या आडव्या पट्ट्या) आणि स्लाइड (शिडाला खोबणीत धरणारे सरकते तुकडे) यांचं वजन वेगळं. त्यामुळे शेवटचा मीटर पहिल्या मीटरपेक्षा जड जाणारच, त्यात बिघाड काही नाही. मात्र हे ओझं हळूहळू वाढतं. हाताने सरसर येणारं शीड एकाएकी ढिम्म होत असेल, आणि तेही दर वेळी त्याच उंचीवर, तर ते जड नाही, अडकलंय. या दोन गोष्टी वेगळ्या, उपायही वेगळे.

अडकलेल्या शिडाचा माझा स्वतःचा किस्सा त्या लेखात लिहायला हवा होता. लाज वाटली म्हणून गाळला. मी डोलकाठीपाशी उभी राहून दोर ओढत होते. शीड निम्म्याच्या वर गेलं आणि थांबलं. मान मोडेस्तोवर वर बघत राहिले, टोकाच्या कप्पीला शिव्या घातल्या. दहा मिनिटांनी सहज मागे पाहिलं तर बूमचं (शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्याचं) मागचं टोक हातभर वर उचललेलं, टॉपिंग लिफ्ट (ते टोक वरून तोलणारा दोर) सैल लोंबतेय आणि शिडाची मागची कड तारेसारखी ताणलेली. दुसऱ्या रीफचा (शीड आखूड करायच्या दुमडीचा) दोर क्लचमध्ये (दोर पकडून ठेवणाऱ्या खटक्यात) बंद होता. आदल्या फेरीला रीफ घेतला होता, तो सोडलाच नव्हता. रीफचं शिडावरचं कडं साडेतीन मीटर उंचीवर असेल तर शीड पूर्ण चढताना तो दोर बूमपासून कड्यापर्यंत आणि परत खाली असा जातो, म्हणजे तब्बल 7 मीटर दोर मोकळा व्हावा लागतो. क्लच उघडा असला तरी बूमच्या आत पीळ पडलेला असेल तर तोच प्रकार. म्हणून शीड थांबलं की वर बघायच्या आधी मागे बघा. आपण सगळेच उलटं करतो.

तिथे काही नसेल तर लेझी जॅक (उतरलेलं शीड बूमवर सावरणाऱ्या दोऱ्या) बघा, बॅटनचं टोक त्यांच्याखाली हमखास अडकतं. मग खोबणीचा सांधा आणि स्लाइड आत सारायची फट: एखादा स्क्रू अर्धा सूत वर आलेला असतो आणि डोळ्यांना दिसतही नाही, बोट फिरवावं लागतं.

आता बादली. दोष दोराच्या वाटेत आहे की शिडाच्या, हे ती सांगते. हे काम वारा नसताना, होडी धक्क्याला बांधलेली असताना करा. हॅलियर्ड (शीड वर ओढायचा दोर) शिडापासून सोडा आणि त्याच्या शॅकलला (टोकाच्या कडीला) 10 लिटर पाण्याची बादली अडकवा. सोबत एक बारीक दोरीही बांधा, नाहीतर बादली सुटली तर दोराचं टोक डोलकाठीच्या शेंड्यावर जाऊन बसेल आणि ते आणायला तुम्हाला वर चढावं लागेल. कॉकपिटमध्ये (सुकाणूपाशी बसायच्या जागी) दोराला प्रवासाचं सामान तोलायचा हुकवाला काटा लावा आणि सावकाश, एका लयीत ओढा. बादलीखाली कुणी उभं राहू नये, हे सांगायला नको.

कप्प्यांमध्ये घर्षण नसतंच तर काटा 10 किलो दाखवेल. समजा टोकाची कप्पी, पायथ्याची, डेकवरची आणि क्लच, अशी चार ठिकाणं आहेत आणि प्रत्येक ठिकाणी दहा टक्के जोर वाया जातो. मग 10 चे साधारण 15 होतात. तेवढं चालेल. काटा 25 वर गेला तर शिडाकडे बघूसुद्धा नका, दोष दोराच्या वाटेत आहे. मग तोच काटा डोलकाठीपाशी, दोर जिथून बाहेर येतो तिथे लावून ओढा. तिथे 12 आणि कॉकपिटमध्ये 25, तर डेकवरच्या कप्प्या किंवा क्लच खातोय. तिथेही 25, तर गोष्ट वर आहे: टोकाची कप्पी फिरत नसेल आणि दोर तिच्यावरून नुसता घासत असेल, किंवा कप्पीच्या मानाने दोरच जाड असेल, किंवा डोलकाठीच्या आत दोन दोरांचा पीळ पडला असेल. पीळ ओळखायची खूण सोपी. मेनसेलचा दोर ओढताना एक हात जिबच्या (पुढच्या शिडाच्या) दोरावर ठेवा. तो थरथरला तर दोघांची आत गाठभेट झालेली आहे. टोकाची कप्पी फिरते की नाही हे फोनचा कॅमेरा झूम करून खालूनही दिसतं. वर चढायची वेळ आलीच तर एकट्याने नको, आणि दुसरा दोर सुरक्षेसाठी हवाच.

बादली सुखाने वर गेली तर मात्र शिडाची वाट तपासायची, आणि माझा स्प्रे इथे येतो, चौथ्या नंबरवर. त्याआधी स्लाइड एकेक करून हाताने सरकवा. एखादी वाकडी झालेली असते, एखादीचं प्लॅस्टिक उन्हाने खडबडीत झालेलं असतं. आणि तुम्ही मारलात तो स्प्रे कोरडा होता का? तेलकट असेल तर खोबणीत आता धूळ आणि मिठाचा लगदा होईल. साबणाच्या कोमट पाण्याने तो काढा, गोड्या पाण्याने धुवा, वाळू द्या, मग सुकल्यावर चिकटपणा न ठेवणारा स्प्रे वापरा. "कोरडा" हा शब्द लेखात एकदाच, तोही ओझरता आला होता. तेही माझ्याच खात्यावर.

आणखी एक विचारायचं राहिलं. शीड चढवताना होडीचं नाक अगदी वाऱ्यात होतं का? मेनशीट आणि वँग (बूमला ओढून धरणारे दोर) सैल होते का? शिडात बाजूने वारा भरला की स्लाइड खोबणीत आडव्या खेचल्या जातात. पूर्ण लांबीच्या बॅटन असतील तर त्या पुढे रेटून काम आणखी बिघडवतात. धक्क्यावर, वारा नसताना, शीड सहज चढलं आणि पाण्यात गेल्यावर अडलं, तर दोष होडीत शोधू नका, सुकाणूवरच्या माणसाला सांगा.

इलेक्ट्रिक विंचबद्दल मात्र मी मागे हटत नाही. हाताने दांडा फिरवताना अडथळा हाताला कळतो. मोटरला कळत नाही, बटण दाबलेलं असेपर्यंत ती ओढत राहते. रीफचा दोर बंद आहे की बॅटन लेझी जॅकमध्ये आहे, याचं तिला काय? आधी शिडाची शिवण बोलते किंवा वरची स्लाइड उपटते, मग आपल्याला कळतं. खांदा दुखत असेल, शीड मोठं असेल, तर विंच जरूर घ्या, पण दोष काढून झाल्यावर. स्लाइडऐवजी बसवायच्या बॉल बेअरिंगच्या गाड्यांचंही तेच. पूर्ण बॅटनच्या शिडाला त्या खरोखर उपयोगी पडतात, पण तुमची टोकाची कप्पी जाम असेल तर महागातली गाडीसुद्धा निम्म्यावरच थांबेल.

मूळ लेखाचा क्रम मी आज बदललाय. तुम्ही एवढंच करा: शीड कितव्या स्लाइडपाशी थांबतं आणि बादलीला दोन्ही ठिकाणी काटा किती दाखवतो, हे इथे खाली लिहा. आणि त्या वेळी बूमचं टोक कुठे होतं, तेही.