आधी पेशी की आधी अणू?

टेक्सासमध्ये मुलांना घरी शिकवायचं तर कायद्याने सक्तीचे विषय पाचच: वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगल्या नागरिकत्वाचे धडे. विज्ञान त्यात नाहीच. त्यामुळे सहावी ते आठवीत ते कोणत्या क्रमाने शिकवायचं, हे ठरवणं पूर्णपणे आईवडिलांच्या गळ्यात.

इथली जुनी वहिवाट अशी: सहावीला पृथ्वीविज्ञान, सातवीला जीवशास्त्र, आठवीला भौतिक-रसायन. एक वर्ष, एक विषय. तिच्याविरुद्ध बोलणारेही पुष्कळ. नोबेलविजेते लिऑन लेडरमन यांनी हायस्कूलसाठी ‘आधी फिजिक्स’चा आग्रह धरला होता, बरेच होमस्कूलर पालक तोच युक्तिवाद खालच्या इयत्तांना लावतात. मी त्यांच्यातलीच.

कारण साधं आहे. सातवीतल्या मुलीपुढे प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण ठेवलं की ती ते सुरेख अक्षरात उतरवते आणि विचारते, “हा सहा कुठून आला?” अणू म्हणजे काय, ते जोडले कसे जातात, अभिक्रियेत ते नाहीसे का होत नाहीत, यातलं काहीच झालेलं नसेल तर उत्तर एकच उरतं: पाठ कर. हवामानाचंही तेच. गरम हवा वर जाते हे वाक्य सगळ्यांना येतं. पण मोजपात्रात दगड सोडून पाणी किती चढलं ते पाहिलेलं, वजनाला त्या आकड्याने भागून घनता काढलेलं मूल ‘का जाते’ हेही सांगू शकतं. आणि हा भागाकार अवघड नाही. गुणोत्तरं इथे सहावीच्या गणितात येतातच.

म्हणून सहावीला द्रव्य आणि ऊर्जा, सातवीला पृथ्वी, आठवीला जीवशास्त्र. पक्षी, किडे, पानं बघायला अर्थातच कोणत्याही वर्षाची वाट बघायची नाही. थांबवायचं ते पेशीच्या आतलं. शिवाय पुष्कळ मुलं नववीला शाळेत जातात आणि तिथे बहुतेक ठिकाणी पहिला विषय जीवशास्त्रच असतो. आठवीचं ताजं असलेलं बरं.

भारतातल्या नातेवाइकांना हे सगळं पोट भरल्याचे चोचले वाटतात. तिकडे वाद क्रमाचा नसतो, काय गाळलं याचा असतो. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती आणि आवर्तसारणी गेली, तेव्हा ओरड झाली आणि उत्तर मिळालं की पुढच्या वर्गांत हे आहेच. मला तो वाद क्रमाचाच वाटला. दहावीनंतर कॉमर्स-आर्ट्सला जाणाऱ्या मुलासाठी ‘पुढे आहे’ म्हणजे ‘नाही’. कोणता धडा आधी, हे ठरवताना मुलं विज्ञानातून कुठल्या वळणावर बाहेर पडतात ते बघायला नको? बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकांत आवर्तसारणी भाग एकमध्ये आणि उत्क्रांती भाग दोनमध्ये आहे, याचं मला इथे बसूनही बरं वाटतं.

आपल्याकडच्या पुस्तकांचं आणखी एक मानावं लागेल. ‘सामान्य विज्ञान’मध्ये सगळंच थोडं थोडं येतं, आणि दरवर्षी पुन्हा येतं. आम्ही लहानपणी त्याला खिचडी म्हणून नावं ठेवायचो. पण वर्षभर एकच विषय केला की पुढच्या दोन वर्षांत तो पार पुसला जातो, हा इथल्या पद्धतीचा मोठा दोष. त्यावर उपाय म्हणून मी आठवड्यातला एक दिवस मागच्या वर्षीच्या विषयाला ठेवते. कंटाळा येतो, मुलीलाही आणि मलाही.

आणि आठवी व्हायच्या आत भारतात परतायचं नक्की असेल, तर माझा क्रम सरळ बाजूला ठेवा. वर्षभर फक्त द्रव्य आणि ऊर्जा करून गेलेल्या मुलीला सातवीच्या वर्गात निम्म्या धड्यांची तोंडओळखही नसेल, आणि घटक चाचणी काही तिच्यासाठी थांबणार नाही.