बिनतिकिटाचं छप्पर

जुलै उजाडला की आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात. कुणीतरी जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं, पावसामुळे शाळांना सुट्टी दिल्याचं पत्र टाकतं, बहुतेकदा सकाळी, डबे भरून झाल्यावर. आत्या लगेच लिहिते, 'आम्ही इरली घेऊन चिखल तुडवत जायचो, पावसासाठी कधी शाळा बुडवली नाही.' बँकेत नोकरी करणारी वहिनी उत्तर देते, 'आत्या, तेव्हा शाळा बुडवली असतीत तरी घरी बघायला चार माणसं होती. मी आता कॅश काउंटरवर बसू की पोरांपाशी?' अकराच्या सुमाराला कुणीतरी लख्ख उन्हाचा फोटो टाकतं आणि हवामान खात्याची टिंगल सुरू होते. 2025 मध्ये केरळच्या शिक्षणमंत्र्यांनी मोठी सुट्टी एप्रिल-मेऐवजी जून-जुलैत घ्यावी का, ही चर्चा सुरू करून दिली, तेव्हा कोकणातही तेच करा म्हणणाऱ्यांचा तिसरा तट तयार झाला. मग मे महिन्यात आंबे काढायला कोण येणार, या एका प्रश्नावर तो फुटला.

सुट्टी द्यावी की नाही, याबद्दल माझं काही वेगळं म्हणणं नाही. चिपळूणची वाशिष्ठी नदी इशारा पातळीवर असताना मुलांना रिक्षात कोंबून शाळेला पाठवू नये, एवढं कुणालाही कळतं. खटकतं ते असं, की आपली सगळी चर्चा सुट्टी जाहीर होण्यापाशीच संपते. नंतर दहा वाजता, दुपारी एकला, चारला ते मूल कुठं असतं आणि काय करत असतं, हे कुणी विचारत नाही. 'तुमच्याकडे काय करतात गं?' असं मला मात्र दरवर्षी विचारलं जातं. दोन ओळींत उत्तर देता येत नाही, म्हणून हे सविस्तर.

मी मँचेस्टरला राहते. हे शहर पावसासाठी बदनाम आहे, पण वर्षाला पडतो साधारण 800 मिलिमीटर, म्हणजे पुण्याहून फार जास्त नाही. आमच्या चिपळूणला तीन हजारांच्या वर पडतो. फरक पडण्याच्या रीतीत आहे. तिथं चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, इथं बारा महिने ठिबकत राहतो. पावसासाठी शाळा बंद ठेवायची तर इथं कायमचं टाळंच लावावं लागेल, तेव्हा तो प्रश्न निघत नाही. शाळा बंद होते बर्फ पडला तर. बाकीच्या सुट्ट्या वर्षभर आधी छापून येतात. उन्हाळा, नाताळ, ईस्टर यांच्या मध्येमध्ये प्रत्येक सत्राच्या अर्ध्यावर एक आठवडा मिळतो, त्याला हाफ टर्म म्हणतात. ऑक्टोबरचा आणि फेब्रुवारीचा हाफ टर्म म्हणजे ओलं, करडं, पाच-सहा वाजता अंधारणारं प्रकरण.

तारखा आधी कळल्या म्हणून सोपं होतं असं नाही. मधल्या दिवसांत शाळा बुडवून मूल फिरायला नेलं तर इंग्लंडमध्ये पालकांना दंड होतो; 2024 पासून तो प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला 80 पौंड आहे आणि मुदतीत भरला नाही तर 160. त्यामुळे एका भागातलं झाडून सगळं गाव एकाच आठवड्यात मोकळं होतं आणि विमानापासून पोहण्याच्या तलावापर्यंत सगळीकडे गर्दी उसळते. दिवसभर मुलं सांभाळणाऱ्या हॉलिडे क्लबला एका मुलाचे आठवड्याला दीडशे-दोनशे पौंड सहज जातात. सॉफ्ट प्ले नावाचे, फोमचे डोंगर आणि रंगीत चेंडूंनी भरलेले हॉल असतात. तिथं दोन तासांचे सात-आठ पौंड, वर मोजे विसरलात तर मोज्यांचे वेगळे. दोन मुलं असलेल्या घराचा एक ओला दिवस भारतातल्या रुपयांत मोजला की मी कॅल्क्युलेटर बंद करते.

हे सगळं बाजूला ठेवून हे शहर आम्हाला स्वस्तात तारून नेतं, त्याचं कारण एकच: पाऊस पडत असताना मुलांना घेऊन शिरता येईल आणि दारात कुणी तिकीट मागणार नाही, अशी छपरं इथं आहेत.

पहिलं वाचनालय. 1964 च्या कायद्यानं इथल्या स्थानिक पालिकांवर सार्वजनिक वाचनालयं नीट चालवण्याचं बंधनच घातलेलं आहे. सभासद व्हायला अनामत नाही, वर्गणी नाही. मुलांच्या कोपऱ्यात बसकी कपाटं, जमिनीवर गालिचा, आणि मुख्य म्हणजे आवाज केला तर कुणी डोळे वटारत नाही. उन्हाळी सुट्टीत 1999 पासून देशभरातल्या वाचनालयांतून वाचनाचं एक आव्हान चालतं. मुलांनी साधारण सहा पुस्तकं वाचायची, प्रत्येक टप्प्याला येऊन सांगायचं, शेवटी पदक आणि प्रमाणपत्र. सगळं फुकट. माझ्या धाकट्यानं एकदा निव्वळ पदकासाठी सगळ्यांत बारीक पुस्तकं निवडली. काउंटरवरच्या बाईंनी ते ओळखलं, तरी प्रत्येक पुस्तकात काय झालं ते त्याच्याकडून सविस्तर वदवून घेतलं. असं बोलणाऱ्या माणसाचा पगार कुणीतरी देतं, ही गोष्ट पुढं येणार आहे.

दुसरं संग्रहालय. डिसेंबर 2001 पासून इथल्या राष्ट्रीय संग्रहालयांत सगळ्यांना प्रवेश मोफत आहे. मँचेस्टरचं विज्ञान आणि उद्योग संग्रहालय त्यांतलंच, आणि ते 1830 च्या, जगातल्या सर्वांत जुन्या टिकून राहिलेल्या प्रवासी रेल्वे स्थानकाच्या आवारात आहे. विद्यापीठाचं मँचेस्टर म्युझियमही मोफत; तिथं टी-रेक्स डायनासोरच्या सांगाड्याची प्रतिकृती आहे आणि 2023 पासून दक्षिण आशियाचं एक दालनही. फुकट असण्याचा खरा फायदा पैशाचा नाही. तिकीट काढलं की आईबाप वसुलीला लागतात: एवढे पैसे मोजलेत, आता ते बघ, हेही बघ, रडू नकोस. मुलाचा जीव चाळीस मिनिटांत भरतो. तिकीट नसलं की एकच दालन बघून निघता येतं आणि उरलेलं पुढच्या पावसाला ठेवता येतं. आम्ही हातात एक पेन्सिल आणि पाठकोरा कागद देतो: फिरणाऱ्या पाच गोष्टी शोध आणि त्यांची चित्रं काढ. एवढं पुरतं. बहुतेक ठिकाणी घरचा डबा उघडून बसायला जागा असते. जपून राहायचं ते बाहेर पडण्याच्या वाटेवरच्या दुकानापासून. तिथं फुकट दिवसाचे बारा वाजतात.

जाता-येता डबल डेकर बस. 2025 मध्ये तिचं भाडं मोठ्याला 2 पौंड, मुलाला 1 होतं. वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट मिळाली तर, खरं सांगायचं, संग्रहालयाची गरजही पडत नाही.

एवढं वाचून ग्रुपवरचा एखादा दादा म्हणेलच, 'तुमचं बरंय बुवा, सगळं फुकट.' फुकट काही नाही. घरटी कौन्सिल टॅक्स भरावा लागतो आणि तो चांगलाच टोचतो. शिवाय ही छपरं गळायला लागली आहेत. 2010 नंतर पालिकांचे पैसे आटत गेले, देशभरात शेकडो वाचनालयं बंद झाली, उरलेल्यांपैकी कित्येकांच्या वेळा घटल्या, काही स्वयंसेवकांच्या गळ्यात पडली. बंद करताना कारण नेहमी एकच असतं, की आता कोण येतं पुस्तकं न्यायला. पुस्तकं न्यायला येणारे कमी झाले असतीलही. ऊब, शौचालय आणि मुलांना बसायला जागा शोधत येणारे मोजायला पालिकेकडे रकाना नसावा.

आणि भुकेल्या मुलाला टी-रेक्स दाखवून भागत नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये, कोविडच्या काळात, गरीब मुलांना शाळेत मिळणारं मोफत जेवण सुट्टीतही द्यावं, म्हणून मँचेस्टरचाच फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड मोहीम चालवत होता. संसदेनं नेमक्या हाफ टर्मच्या तोंडावर तो प्रस्ताव फेटाळला. मग गावोगावच्या कॅफेवाल्यांनी आणि पालिकांनी आपापल्या हिमतीवर जेवणं दिली, आणि नोव्हेंबरमध्ये सरकारनं माघार घेऊन पैसे काढले. पुढं सुट्टीतले खेळ आणि जेवण यांची योजना इंग्लंडभर आली. पण ती ईस्टर, उन्हाळा आणि नाताळ या सुट्ट्यांपुरती. हाफ टर्म तिच्यात बसत नाही.

हे सांगताना मला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारा माझा चुलतभाऊ आठवतो. सुट्टीच्या वादात त्याचं एकच वाक्य असतं: 'आज खिचडी शिजली नाही.' आठवीपर्यंतच्या मुलांना शाळेत पोषण आहार मिळतो. ज्या दिवशी पावसानं शाळा बंद, त्या दिवशी चूलही बंद. आत्याचं इरलं आणि वहिनीचा कॅश काउंटर यांच्या भांडणात या वाक्याला कुणी अंगठ्याचा इमोजीसुद्धा टाकत नाही.

आता गावाकडच्या जमेच्या बाजूला येऊ, कारण ती मोठी आहे. पावसात मुलांना बिनपैशानं रमवायची कला आपल्याकडे जेवढी आहे तेवढी इथं मी पाहिली नाही. पत्त्यांचा एक कॅट असला की बदाम सात, झब्बू, गुलामचोर, पाच-तीन-दोन, आणि आजोबा जागे असतील तर मेंढीकोट. पत्ते हरवले तर नाव-गाव-फळ-फूल. कागदही नसेल तर गावांच्या भेंड्या. लाईट गेले तरी चालू राहणारे खेळ आहेत हे, आणि कोकणातल्या पावसात ती साधी गोष्ट नाही. माझी मुलं झब्बूत एकमेकांचे गळे धरतात तेव्हा मला सुट्टी सत्कारणी लागल्यासारखी वाटते.

अडचण एवढीच, की या सगळ्या खेळांना माणसं लागतात. दोघांत झब्बू रंगत नाही. इथं शेजारचं मूल घरी यायचं तर चार दिवस आधी मेसेज, किती वाजता आणायचं, किती वाजता न्यायचं, त्याला शेंगदाणे चालतात का. पण चिपळूणचं तरी काय वेगळं राहिलंय? वहिनीच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर चार बंद दारं आणि चारही दारांमागे एकेक मूल मोबाईल घेऊन. आमच्या लहानपणीच्या ओटीवर पाऊस थांबेपर्यंत आळीतली पोरं पडीक असायची, कारण ओटी कुणा एकाची नव्हतीच. ती गेली आणि तिच्या जागी सार्वजनिक असं काही उभं राहिलं नाही. पैसे असतील तर मॉल, नसतील तर फोन.

एकट्या मुलासाठी एक उपाय मला पुण्यानं दिला. अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. टेल्कोत नोकरी केलेले, पुढं आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात मुलांसाठी टाकाऊतून खेळणी बनवत राहिलेले, 2018 चे पद्मश्री. त्यांचं सगळं काम वेबसाईटवर फुकट आहे, मराठीतही. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे घ्यायचे, तुकड्यात दोन्हीकडून काड्या खुपसायच्या आणि आकार जोडत जायचं. चौकोन बोट लावताच कलंडतो, त्रिकोण ठाम राहतो. पूल आणि छपरांच्या कैच्या त्रिकोणांच्या का असतात, हे कुणी न सांगता मुलाला हाताला कळतं. एका ओल्या दुपारचा खर्च म्हणजे एक काडेपेटी. (गुल आधी खरवडून टाका. आमच्याकडे ते काम मोठ्यांचं.) व्हॉल्व्ह ट्यूब मात्र मी चिपळूणहून येताना आणते. दुकानदार दरवेळी विचारतो, 'ताई, तिकडे सायकली नाहीत?'

छपरांचं म्हणाल तर महाराष्ट्राकडे तीही आहेत. 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, अ, ब, क, ड असे वर्ग करून हजारो ग्रंथालयांना अनुदान मिळतं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर तर 1864 चं. 2005 आणि 2021 अशा दोन्ही महापुरांत त्याची पुस्तकं पाण्यात गेली आणि माणसांनी ते पुन्हा उभं केलं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात 2019 पासून मुलांचं वेगळं संग्रहालय आहे. तेव्हा आपल्याकडे काहीच नाही, ही रडकथा मला मान्य नाही.

मी ग्रुपवर सुचवलं, की सुट्टीच्या पत्रातच एक ओळ वाढवा: रेड अलर्ट नसेल तर प्रभागातलं ग्रंथालय किंवा नगरपालिकेचा हॉल दहा ते पाच मुलांसाठी उघडा राहील, आणि शाळेतली खिचडी त्या दिवशी तिथं शिजेल. चुलतभावानं उत्तर दिलं, 'उघडणार कोण? आमच्या गावच्या ग्रंथालयात एकच माणूस. अनुदान येईल तेव्हा पगार, तोही दुकानातल्या पोऱ्याहून कमी. पन्नास पोरं त्याच्या अंगावर सोडायची?'

त्याचं बरोबर आहे, आणि माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं. मँचेस्टरच्या वाचनालयात माझ्या मुलाकडून बारीक पुस्तकाची गोष्ट वदवून घेणाऱ्या बाई महिन्याच्या महिन्याला पगार घेतात. इमारत, पुस्तकं, गालिचा हे सगळं त्यांच्यामागून येतं. आपल्या ग्रंथालय कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणीची मागणी कित्येक वर्षं पडून आहे. पावसाळी सुट्टीवर ग्रुपवर पुढचा वाद घालायचा असेल तर मी त्या मागणीवर घालायला तयार आहे. आत्या आणि वहिनी दोघीही माझ्या बाजूला येतील, असा माझा अंदाज आहे.