मेडिकलवाल्याचं उत्तर: एक स्टार आणि तळाशी गेलेला चमचा

नमस्कार भाऊ,

तुम्ही पुण्याहून टाकलेला रिव्ह्यू वाचला. तुमची तक्रार अशी: काकाजींचा, म्हणजे तुमच्या वडिलांचा, गुडघा बदलल्यावर आमच्याकडून ७५० रुपयांचा प्रोटीनचा डबा नेला, दोन महिने रोज दिला, तरी मांडी बारीकच. सांध्याच्या गोळ्या मागितल्या तर त्या न देता महागाचा डबा गळ्यात मारला. चौथा हिस्सा उरलेला डबा परत घेतला नाही. आणि माल डुप्लिकेट असावा.

डुप्लिकेटचं आधी, ते लवकर संपतं. आमच्या बिलावर बॅच नंबर आहे, तो डब्यावरच्या नंबराशी जुळवून बघा आणि कंपनीच्या ग्राहक नंबरवर विचारा. माल ज्या डीलरकडून आला त्याचं बिल दुकानात आहे, केव्हाही बघायला या.

गोळ्या मी स्वतःच देऊ नको म्हटलं होतं. ग्लुकोसामाइनच्या गोळ्या लोक कूर्चेसाठी, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरासाठी घेतात. काकाजींच्या सांध्यातली झिजलेली कूर्चा काढून तिथं धातू आणि प्लास्टिक बसवलंय. गोळी कुणासाठी घेणार? उद्या पुन्हा मागितल्या तरी हेच सांगीन.

डब्याच्या बाबतीत मात्र आमचं चुकलं, आणि ते मला तुमच्याच रिव्ह्यूवरून कळलं. डबा ४०० ग्रॅमचा. दोन महिन्यांत त्यातली ३०० ग्रॅम पावडर संपली. म्हणजे दिवसाला ५ ग्रॅम, चहाचा एक चमचा. लेबलप्रमाणे १०० ग्रॅममध्ये ३४ ग्रॅम प्रोटीन, तर काकाजींच्या पोटात रोज गेलं पावणेदोन ग्रॅमच्या आत. मूठभर फुटाण्यांत याच्या तिप्पट असतं.

असं का झालं म्हणून मी दुकानातला तोच डबा फोडला. वरची पन्नी काढली तर नुसती पावडर. मापाचा चमचा दिसेना. शेवटी लांब चमच्यानं उकरलं तेव्हा तो अगदी बुडाशी सापडला. काकूंना तो दिसलाच नसणार, त्यांनी घरचा चहाचा चमचा घेतला असणार. त्यात डबा महागाचा, मग पुरवून पुरवून वापरला. लेबलवर रोजचे दोन माप, ६० ग्रॅम लिहिलेत. अक्षरं एवढी बारीक की मलाच चष्मा लावावा लागला. काउंटरवरच्या पोराला विचारलं, मात्रा सांगितली होती का? तर म्हणे, "काका, त्यायनं मागतलं, म्या देल्लं." शुगर आहे का, किडनीचा काही त्रास आहे का, हेही विचारलं नाही. ही चूक माझ्या दुकानाची. आता प्रोटीनचा डबा मी काउंटरवर नसलो तर विकायचा नाही, असं ठरवलंय.

लेबलप्रमाणे दिला असता तर डबा आठवडाभरही पुरला नसता. महिन्याला तीन हजारांच्या वर. कास्तकाराच्या घरात हे परवडत नाही, आणि तेवढी गरजही नाही. वय झालेल्या माणसाला ऑपरेशननंतर किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रोटीन लागतं असं धरतात. ६० किलोच्या माणसाला रोज पाऊणशे ते नव्वद ग्रॅम. भाकर, पातळ वरण आणि ताकावर ते होत नाही. काकाजी माळकरी, अंडं चालत नाही, ते मला माहीत आहे. मग किराण्यातल्या सोया वड्या घ्या. कोरड्या ४० ग्रॅम वड्यांत २० ग्रॅम प्रोटीन, महागड्या पावडरीच्या दोन मापांएवढं. आपल्याच वावरातलं सोयाबीन, तेल काढून उरलेल्या पिठाची वडी. आपण तूर-सोयाबीन विकतो आणि पावडरीचा डबा विकत आणतो, ही आपली गंमत. वरण घट्ट करा, रात्री एक पेला दूध, दुपारी फुटाणे. मात्र हे वाढवण्याआधी क्रिएटिनिनची, म्हणजे किडनीची रक्ततपासणी करून डॉक्टरांना दाखवा. किडनी कमजोर असली तर हेच त्रासाचं होईल.

आणखी एक, राग मानू नका. रिव्ह्यूत तुम्ही लिहिलंय, "बाबा दोन महिने पूर्ण आराम करून राहिले." मला वाटते गाडी तिथंच अडली. गुडघा सरळ करणारा मांडीचा पुढचा स्नायू, त्याची ताकद ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात निम्म्याहून जास्त उतरते. सूज असली की स्नायू पूर्ण आवळलाच जात नाही. त्याला काम दिल्याशिवाय प्रोटीन खाऊन मांडी भरत नाही. दवाखान्यातून घरी सोडताना व्यायामाचा कागद दिला असेल, तो शोधा. बहुतेक त्यात असतंच: पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा खाली दाबायचा, ५ मोजायचे, सोडायचं. कागद हरवला असेल तर काकाजींना एकदा यवतमाळला फिजिओथेरपीवाल्यांना दाखवून आणा. तिथला खर्च या डब्यापेक्षा कामी येईल.

फोडलेला डबा मी परत घेऊ शकत नाही, तो पुन्हा विकायचा नसतो. उरलेली पावडरही आता देऊ नका, फोडल्यावर महिन्याभरात संपवा असं लेबलवर आहे, तेही आम्ही सांगितलं नव्हतं. म्हणून त्या चौथ्या हिश्शाचे १८८ रुपये देतो. काकूंना बिल घेऊन पाठवा. रविवारी दुपारनंतर दुकान बंद असतं.