सबवेने दुकान पळवलं म्हणे!

आज सकाळी इथल्या, टोरोंटोच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका काकांनी टाकलं, "वॉनपर्यंत सबवे नेऊन मिळालं काय? जवळचं वॉलमार्ट गेलं, पार्किंग गेलं, आणि चालत येतंय कोण तिथे?" (वॉन म्हणजे टोरोंटोला लागून उत्तरेचं शहर, आणि सबवे म्हणजे आपली भुयारी मेट्रो.) खाली भराभर अंगठे. तो ग्रुप हळदीकुंकवाच्या नियोजनासाठी आहे, म्हणून तिथे गप्प बसले. ही फेसबुकची भिंत माझी आहे, इथे बोलणार.

चालत कोण येतंय? माझी आई येते. बोला.

मागच्या हिवाळ्यात ती ठाण्याहून आली होती. संक्रांत जवळ आलेली आणि तिला तिळगुळाच्या पाकासाठी जाड बुडाचं पातेलं हवं होतं. माझं पातेलं तिच्या मते "कागदी". मी ऑफिसात. बाईंनी तिकिटाचं प्रेस्टो कार्ड घेतलं, फिंच वेस्ट स्टेशनला गाडीत बसल्या आणि शेवटच्या स्टेशनला, वॉन मेट्रोपॉलिटन सेंटरला, उतरल्या. आयुष्यभर ठाणे स्टेशनची गर्दी झेललेली बाई, तिला ही रिकामी, चकचकीत सबवे म्हणजे सहल. स्टेशनचं छत बघून खूश झाली, फोटोही पाठवला.

खरी गंमत वर आल्यावर. दुकानाची पाटी समोर दिसते आहे. (नाव घेत नाही, सगळी दुकानं सारखीच.) मध्ये पार्किंगचा माळ. फुटपाथ रस्त्याच्या कडेने सरळ निघून जातो, दुकानाच्या दाराकडे वळतच नाही. आणि जिथून आत शिरता येईल, नेमका तिथेच बर्फ काढणाऱ्या गाडीने बर्फाचा ढीग लोटलेला. मग आई गाड्यांच्या वाटेने चालायला लागली. एका पिकअपवाल्याने काच खाली करून विचारलं, "मॅडम, हरवलात का?" आईने ठणकावून सांगितलं, "नो. शॉपिंग."

घरी आम्ही यावर खूप हसलो. आज हसू येत नाहीये. त्या भल्या माणसाला दोष देत नाही, त्याने काळजीनेच विचारलं. पण ती जागाच अशी बांधली आहे की तिथे पायी दिसलेला माणूस चुकलेलाच वाटावा.

आता त्या वॉलमार्टचं. काका, ते गेलं नाही, सरकलं. 2020 मध्ये एजली बुलेवर्डवरून पश्चिमेला, हायवे 400 च्या बाजूला. का सरकलं? स्टेशनशेजारच्या जमिनीला सोन्याचा भाव आला म्हणून. ज्या स्मार्टसेंटर्सने कॅनडाभर वॉलमार्टभोवती पार्किंग पसरून धंदा उभा केला, तीच कंपनी आता तिथे टॉवरवर टॉवर चढवते आहे. ट्रान्झिट सिटीचे पंचावन्न मजली टॉवर तर बघतोच आपण जाता-येता. बस टर्मिनललाही नाव त्यांचंच. हिशोब त्यांनी केला, जमीन त्यांची, आणि बिल फाडायचं कुणाच्या नावावर? सबवेच्या!

उलट मला वाटतं, ज्या पायी गिऱ्हाइकासाठी एवढा खटाटोप झाला, त्याच्यापासूनच दुकान लांब गेलं. गाडीवाल्याला काय फरक पडला? दोन सिग्नल जास्त. टॉवरमध्ये राहायला आलेल्या, गाडी परवडत नसलेल्या पोरांना पडला. दूध संपलं तर जानेवारीच्या वाऱ्यात ते माळ तुडवायचे.

हो, हो, मान्य. वीस किलो तांदळाची गोणी कुणी सबवेतून आणत नाही, मीही डिकीतूनच आणते. हायवे 7 च्या मधल्या व्हिवा बसच्या थांब्यावरून जमिनीखालून सबवेत जाता येतं, तेही चांगलं केलंय. झालं समाधान?

पण बघा ना. सव्वातीन अब्ज डॉलरच्या आसपास खर्च, 2015 चं ठरलेलं उद्घाटन डिसेंबर 2017 मध्ये, साडेआठ किलोमीटरहून थोडी जास्त लाइन, सहा नवी स्टेशनं. त्यातलं एक, हायवे 407, असं की भोवती हायवे आणि जवळ दफनभूमी. तिथे चालत जाणाऱ्याचा विचार कुणी केला असेल असं मला अजिबात वाटत नाही. इतका पैसा जमिनीखाली ओतला आणि वर, स्टेशनच्या दारापासून दुकानाच्या दारापर्यंत, एक सलग फुटपाथ आखायला कुणाचा हात दुखला? स्टेशन एकाचं, रस्ता दुसऱ्याचा, पार्किंग तिसऱ्याचं. बर्फाचा ढीग मात्र कुणाचाच नाही.

भाड्याचंही तेच. फेब्रुवारी 2024 पर्यंत वॉनकडची यॉर्क विभागाची बस आणि टोरोंटोची टीटीसी (सबवे तिचीच), दोन्हीचं वेगळं भाडं. दुसरं भाडं वाचवायला बसचं अंतर थंडीत पायी तोडणारी माणसं मी पाहिली आहेत. आपल्यातलीही होती, नवीन आलेली. ती ग्रुपवर अंगठे देत नाहीत, कारण त्या वेळी ती शिफ्टला असतात.

असो. फार चिडून लिहितेय का? असेन. आईचं दुसऱ्या दिवशीचं वाक्य आठवतंय, "अगं, अंतर काहीच नाही. आपण जांभळी नाक्याला जायचो तेवढंसुद्धा नाही. फक्त चालायला जागा नाही." गुडघे दुखत होते तिचे, पण तक्रार अंतराची नव्हती. मंदिराच्या पायऱ्या ती अजून चढते.

आता टोरोंटोच्या यंग स्ट्रीटवरून उत्तरेला रिचमंड हिल शहराकडे सबवे नेतायत, साधारण आठ किलोमीटर. तिथेही रस्त्याकडेला प्लाझे आणि त्यांच्यापुढे पार्किंग. पुन्हा आधी भुयार, मग टॉवर, आणि फुटपाथचं नंतर बघू, असंच होणार असेल तर आपण आत्ताच बोंब मारायला हवी. तुमच्या भागातल्या नगरसेवकाला एक ईमेल टाका. मसुदा मी लिहून देते, इंग्रजीत, सभ्य भाषेत. ज्यांना हवाय त्यांनी इनबॉक्समध्ये या.

आणि "एवढंच आहे तर गाडी शिकव की आईला" असं कमेंटमध्ये लिहिणाऱ्यांना मी सरळ ब्लॉक करणार आहे. काकांनाही.